पेपर मिलच्या मागच्या अंगणातला माल: नाशिकमध्ये नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की दिंडोरी, पिंपळगाव, निफाडकडच्या पॅकहाउससमोर पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या चळती उभ्या राहतात. त्या खोक्याचा तपकिरी कागद म्हणजे क्राफ्ट पेपर, आणि तो बहुतेक वेळा जुन्या खोक्यांपासूनच बनलेला असतो. रद्दीच्या दुकानातून खोकं मिलमध्ये येतं, त्याचा लगदा होतो, लगद्याचा पुन्हा कागद होतो. ऐकायला हे फार स्वच्छ वाटतं. पण खोक्याबरोबर चिकटपट्टी येते, पिना येतात, वाळू, काच, थर्माकोल, प्लॅस्टिकच्या पिशव्या येतात. पुन्हा पुन्हा वापरून आखूड झालेला तंतूही कागदात टिकत नाही, पाण्याबरोबर निघून जातो. हे सगळं मिलच्या मागच्या अंगणात साठतं.

त्या अंगणाची जबाबदारी ज्यांच्यावर नुकतीच येऊन पडली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. तुम्ही मिलच्या पर्यावरण विभागात रुजू झालेले असाल, ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेवर, ऑपरेटर म्हणून लागला असाल किंवा मिलमधला गाळ आणि प्लॅस्टिक उचलायचा धंदा सुरू करत असाल, तिघांनाही यातलं बरंचसं लागेल. मी रद्दीवर चालणाऱ्या क्राफ्ट मिलमध्येच वर्षानुवर्षं काम केलंय, त्यामुळे भर त्याच प्रकारावर आहे.

एक गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मिलमधून निघणारी प्रत्येक गोष्ट जिथे निघते तिथेच वेगळी ठेवायची. प्लॅस्टिक, वाळू आणि पिना, तंतूचा गाळ, जैविक गाळ, राख. वेगळं असेल तर यातल्या बहुतेक मालाला गिऱ्हाईक आहे. एका ट्रॉलीत पडलं की कोणालाच नको. मी पाहिलेल्या मिलमध्ये यंत्र कमी पडलं म्हणून काम अडलं असं क्वचितच झालं. रात्रपाळीला कुणीतरी सगळं एकाच खड्ड्यात लोटलं म्हणून मात्र कितीदा तरी अडलं.

पहिली पायरी: एक पूर्ण पाळी नुसतं फिरा

पहिल्याच दिवशी कागदपत्रं घेऊन बसू नका. रद्दीच्या ढिगापासून निघा आणि पाण्याच्या मागे मागे चालत जा.

सुरुवात हायड्रापल्परपासून. मोठ्या टाकीत रद्दी आणि पाणी फिरत असतं. साध्या पल्परमध्ये शंभर भागांत तीन ते पाच भाग तंतू आणि बाकी सगळं पाणी. इथे रॅगर लावलेला असेल तर तार, सुतळी आणि प्लॅस्टिक एकमेकांत गुंतून जाडजूड दोरासारखं वर ओढलं जाताना दिसेल. हा पहिला कचरा. पुढे हाय डेन्सिटी क्लीनरच्या तळाशी वाळू, काच आणि पिना जमतात, तो दुसरा. मग वेगवेगळ्या चाळण्या. त्यांतून प्लॅस्टिकचे बारीक तुकडे, थर्माकोलचे दाणे आणि त्यांना चिकटलेला तंतू बाहेर पडतो. सेंट्रीक्लीनर उरलेली बारीक रेती काढतो. त्यानंतर लगदा मशीनवर जातो. जाळीखालून गळणारं पाणी, ज्याला सगळे बॅकवॉटर म्हणतात, त्यातलं बरंचसं पुन्हा वापरात येतं आणि उरलेलं ईटीपीकडे जातं. ईटीपीत दोन गाळ निघतात. प्रायमरी क्लॅरिफायरचा, म्हणजे गाळ खाली बसवणाऱ्या पहिल्या टाकीचा, गाळ म्हणजे मुख्यतः तंतू, खडूसारखा भराव आणि माती. एअरेशननंतरच्या, म्हणजे पाण्यात हवा सोडून जिवाणू वाढवल्यानंतरच्या, क्लॅरिफायरचा गाळ म्हणजे जिवाणूंचा गाळ, मऊ, काळपट, वासाचा. हे दोन गाळ स्वभावाने पूर्ण वेगळे आहेत, त्यामुळे ते एकाच पाइपात जाताना दिसले तर तेवढं लगेच टिपून ठेवा. शेवटी बॉयलरची राख.

फिरताना शब्दांचा एक घोळ होईल, त्यापासून सावध राहा. पल्परवरचा माणूस ‘पॉली’ म्हणतो तेव्हा त्याला प्लॅस्टिक म्हणायचं असतं. ईटीपीवरचा माणूस ‘पॉली’ म्हणतो तेव्हा गाळाचे पुंजके बांधायचं रसायन, पॉलिइलेक्ट्रोलाइट. ‘पॉली संपली’ आणि ‘पॉली वाढली’ हे दोन निरोप एकाच फोनवर आले की नवीन माणूस गोंधळतो.

लाकूड किंवा बांबूपासून कागद बनवणाऱ्या मिलचं प्रकरण निराळं. तिथे रसायनात लाकूड शिजवल्यावर काळं द्रावण उरतं, त्याला ब्लॅक लिकर म्हणतात. ते आटवून रिकव्हरी बॉयलरमध्ये जाळलं की वाफही मिळते आणि रसायनंही परत मिळतात. त्या साखळीत चुन्याचा गाळ निघतो, तो भट्टीत भाजून पुन्हा चुना करता येतो. भाताच्या किंवा गव्हाच्या काडावर चालणाऱ्या मिलमध्ये मात्र सिलिका जास्त असल्याने ही भाजणी अवघड जाते. आपल्या राज्यात बांबूवरची मोठी मिल म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातलं बल्लारपूर. रद्दीवरच्या क्राफ्ट मिलमध्ये यातलं काही दिसणार नाही, म्हणून तो विषय इथेच सोडतो.

दुसरी पायरी: आत किती आलं, बाहेर किती गेलं

वहीत एक साधा हिशोब मांडा. समजा दिवसाला १०० टन रद्दी येते आणि तिच्यात १० टक्के ओल आहे. म्हणजे कोरडा माल ९० टन. कागद निघाला ८८ टन, त्यात ओल ८ टक्के, म्हणजे कोरडा कागद साधारण ८१ टन. मधले ९ टन कुठे गेले?

ते ९ टन तुमचं खातं. त्यात प्लॅस्टिक किती, वाळू-पिना किती, गाळातून गेलेला तंतू किती, हे काट्यावर मोजून लिहायचं. काही भाग मोजता येणार नाही, कारण स्टार्चसारखा विरघळलेला माल पाण्याबरोबर जातो आणि सीओडीच्या (पाण्यातल्या सेंद्रिय मळाचं माप) रूपाने ईटीपीवर उगवतो. पण बाकीचं मोजता येतं. पहिल्या आठवड्यात आकडे जुळणार नाहीत, महिनाभराने जुळू लागतील.

हा हिशोब खरेदी विभागालाही दाखवा. रद्दीच्या गाडीत प्लॅस्टिक आणि ओल जास्त असेल तर आपण कागदाच्या भावाने पाणी आणि कचरा विकत घेतो आणि पुढे तोच कचरा बाहेर काढायलाही पैसे मोजतो. गाडी उतरवतानाच दोन-चार गाठी फोडून हाताने निवडून बघायची सवय लागली तर मागच्या अंगणातला ढीग तिथल्या तिथेच कमी होतो.

तिसरी पायरी: गाळ व्हायच्या आधी तंतू पकडा

इथे जरा वेळ काढा, कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच आहे.

एक लिटरचा काचेचा मेझरिंग सिलिंडर घ्या. ईटीपीकडे येणारं पाणी त्यात भरा आणि सावलीत ठेवून द्या. सुरुवातीला ते ताकासारखं दिसतं. पाच-सात मिनिटांत तळाशी कापसासारखा पुंजका बसायला लागतो, वर धुरकट पाणी राहतं. अर्ध्या तासाने उजेडासमोर धरा. तळाचा थर लांब, लवचिक धाग्यांचा असेल तर तो चांगला तंतू आहे आणि त्याची जागा मशीनवर आहे. थर चिखलासारखा, पिठूळ असेल तर तो भराव आणि तुटका तंतू, त्याला परत नेऊन फारसा उपयोग नाही.

आता वजन करा. तेच एक लिटर पाणी फिल्टर पेपरमधून गाळा, ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वाळवा आणि तोला. समजा १.२ ग्रॅम आलं आणि दिवसाला १५०० घनमीटर पाणी ईटीपीला येतं. म्हणजे रोज १८०० किलो कोरडा माल पाण्याबरोबर चालला आहे. सेव्ह-ऑल (बॅकवॉटरमधला तंतू पकडणारं यंत्र) किंवा क्रोफ्टा (हवेच्या बुडबुड्यांनी तंतू वर तरंगवणारं यंत्र) नीट चालवून ते प्रमाण लिटरला ०.७ ग्रॅमवर आणलं तर रोज ७५० किलो परत मिळतात. बहुतेक ठिकाणी यासाठी नवं यंत्र लागतच नाही. क्रोफ्टाची हवा नीट विरघळते का, वरचा थर काढणारी पळी वेळेवर फिरते का, बॅकवॉटरची टाकी रात्री ओसंडून नाल्यात जाते का, एवढं पाहिलं तरी फरक पडतो. ओसंडणाऱ्या टाकीखाली सकाळी तपकिरी पापुद्रा वाळलेला दिसतो, तो खोटं बोलत नाही.

वर उरलेल्या पाण्यातही काही आहे. पाणी पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या क्राफ्ट मिलमध्ये सीओडी चढलेला असतो. असं पाणी आधी हवाबंद टाकीत, म्हणजे यूएएसबीसारख्या यंत्रणेत सोडलं तर जिवाणू त्याचा मिथेन करतात. हिशोब असा की एक किलो सीओडी काढला की जास्तीत जास्त ०.३५ घनमीटर मिथेन. तो बॉयलरला देता येतो, शिवाय एअरेशनचं वीजबिल उतरतं. हे काम नवख्याने एकट्याने उभं करायचं नाही, पण आपल्या पाण्यात रोज किती किलो सीओडी आहे हे त्याला माहीत असायला हवं.

गाळाच्या टाकीत उतरण्याआधी

याला पायरीचा आकडा देत नाही, कारण हे प्रत्येक पायरीआधी वाचायचं आहे.

लगदा किंवा गाळ काही तास न ढवळता पडून राहिला की तळाशी हवा संपते आणि हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. सडक्या अंड्याचा वास तोच. धोका असा की वायूचं प्रमाण दहा लाखात १०० भागांच्या आसपास गेलं की नाकाला वास कळेनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून माणूस आत उतरतो. बंद पडलेली मिल पुन्हा सुरू करताना आणखी एक गोष्ट घडते. अ‍ॅजिटेटर (टाकीतला ढवळणारा पंखा) फिरवताच तळात अडकलेला वायू एकदम वर येतो. म्हणून सुट्टीनंतर अ‍ॅजिटेटर सुरू करताना टाकीच्या तोंडाशी कुणीही उभं राहायचं नाही.

टाकीत उतरायचं तर परमिट, चार वायू मोजणारा मीटर, ताजी हवा सोडणारा ब्लोअर, कमरेला पट्टा-दोर आणि बाहेर सतत नजर ठेवणारा माणूस. यातलं एक जरी नसेल तर काम होणार नाही. आत कुणी पडलं तर त्याच्यामागे उडी मारायची नाही. पहिल्याला वाचवायला गेलेला दुसरा आणि त्याच्यामागे तिसरा, अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. तुम्ही नवीन आहात म्हणून साहेबांना नाही म्हणायला कचरू नका.

चौथी पायरी: पाणी मिलमध्येच सोडा

समजा १० टन गाळ आहे आणि त्यात ८० टक्के पाणी. कोरडा माल फक्त २ टन. बेल्ट प्रेस किंवा स्क्रू प्रेसने ओल ६० टक्क्यांवर आणली तर तोच गाळ ५ टन होतो. गाडीच्या खेपा निम्म्या. ५० टक्क्यांवर आणली तर ४ टन. म्हणजे पहिल्या वीस टक्क्यांत खरी कमाई आहे, पुढच्या दहासाठी खर्च वाढतो आणि वजन थोडंच उतरतं. नाशिकला फेब्रुवारी ते मे ऊन चांगलं असतं, तेवढ्या काळात वाळवण्याचे ओटे उरलेलं काम फुकटात करतात.

तंतूचा गाळ सहज पिळतो, जिवाणूंचा गाळ पिळता पिळत नाही. ज्यांच्याकडे एकच प्रेस आहे ते दोन्ही मिसळून चालवतात, कारण तंतू मिसळला की जैविक गाळही पाणी सोडतो. हे करण्यात गैर नाही, पण मग तो गाळ पुठ्ठेवाल्याला जाणार नाही, खतालाच जाईल. आधी गिऱ्हाईक ठरवा, मग मिसळा.

साठवणुकीची जागा छपराखाली, पक्क्या फरशीची आणि तिच्यातून निथळणारं पाणी पुन्हा ईटीपीकडे येईल अशा उताराची हवी. जूनच्या आधी हे नसेल तर पावसाळ्यात गाळ ओघळून नाल्यात, तिथून कादवेला किंवा दारणेला आणि शेवटी गोदावरीत जाणार. इगतपुरीच्या अंगाला असलेल्या कारखान्यांनी तर ताडपत्रीच्या भरवशावर राहूच नये.

पाचवी पायरी: प्लॅस्टिक

चाळणीतून निघालेलं प्लॅस्टिक हातात घेऊन पिळा. पाणी निघेल आणि बोटांना लगदा लागेल. तो लगदा तुमचा आहे. फिरत्या जाळीच्या ड्रममध्ये हे प्लॅस्टिक धुतलं तर तंतू पल्परला परत जातो आणि प्लॅस्टिक हलकं होतं. मग ते पिळून किंवा वाळवून गाठी बांधायच्या.

स्वच्छ निवडलेल्या पॉलिथिनचा दाणा होतो, पण मिलमधून निघालेला माल इतका मिसळलेला असतो की दाण्याची प्रत हलकी राहते. डांबरी रस्त्यात प्लॅस्टिक घालायची पद्धत आहे, तिथे ते कोरडं, स्वच्छ आणि बारीक केलेलं लागतं आणि पीव्हीसी अजिबात चालत नाही. उरलेल्या मिसळ मालाला सिमेंटच्या भट्टीचा मार्ग आहे. तिथे क्लिंकर (दळण्याआधीचं सिमेंट) १४५० अंशांच्या आसपास तयार होतं, त्यामुळे प्लॅस्टिक पूर्ण जळतं आणि राखही सिमेंटमध्येच सामावते. अडचण अंतराची. राज्यातल्या क्लिंकरच्या भट्ट्या मुख्यतः चंद्रपूरच्या बाजूला, म्हणजे नाशिकपासून राज्याच्या दुसऱ्या टोकाला. ओल्या मालाची गाडी तिकडे पाठवणं परवडत नाही, म्हणून गाठ कोरडी हवी आणि गाडी भरून हवी.

शुद्ध पॉलिथिनचं उष्णतामूल्य किलोला दहा हजार किलोकॅलरीच्या वर, कोळशापेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे कुणीतरी येऊन सांगेलच की आम्हाला द्या, वीटभट्टीत किंवा गुऱ्हाळात जाळतो. देऊ नका. पीव्हीसी मिसळलेलं प्लॅस्टिक मंद आचेवर जळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफा आणि डायॉक्सिन निघतात, आणि गुऱ्हाळात तो धूर काहिलीशेजारीच फिरतो. स्वतःच्या बॉयलरमध्येही परवानगी आणि धूर साफ करणारी यंत्रणा नसताना टाकू नका. नळ्या गंजतील ते वेगळंच.

पिना आणि तार लोहचुंबकाने काढून भंगारात. वाळू-काच भरावाला जाते, पण आधी धुऊन, नाहीतर तिच्यातला लगदा कुजून वास मारतो.

सहावी पायरी: तंतूच्या गाळाचं काय करायचं

सोपा रस्ता पुठ्ठ्याचा. जाड मिलबोर्ड, वहीचे पुठ्ठे, बुटांच्या खोक्यांचा आतला थर, यांत प्रायमरी गाळ चालतो. घेणाऱ्याला तीनच गोष्टी हव्या असतात. पिना नकोत, वास नको आणि रोज सारखा माल हवा. गाळ चार दिवस पडून आंबला की तो परत पाठवतो. म्हणून रोजचा गाळ रोज द्या. खाद्यपदार्थाला थेट लागणाऱ्या वस्तूंसाठी मात्र हा गाळ द्यायचा नाही.

दुसरा रस्ता विटांचा. मातीच्या विटेत थोडा गाळ मिसळला तर भाजताना तंतू जळतो, बारीक पोकळ्या राहतात, वीट हलकी होते. प्रमाण वाढलं की ताकद उतरते आणि वीट पाणी जास्त पिते. नागपूरच्या व्हीएनआयटीतल्या संशोधकांनी रद्दीच्या मिलमधला गाळ आणि सिमेंट यांच्या हलक्या विटांवर काम केलं आहे. माझं मत असं की अशी वीट आतल्या पडदीला ठीक, पावसाच्या भिंतीला नको. वीटवाल्याबरोबर बसून शंभर विटांची एक खेप करा, दाबून बघा, चोवीस तास पाण्यात ठेवून तोला, मगच पुढचं बोला.

तिसरा रस्ता खताचा. इथे मी स्वतः चुकलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

सुरुवातीच्या काळात आमच्या मिलशेजारच्या एका शेतकऱ्याने विचारलं, गाळ काळा आहे, मऊ आहे, रानात टाकू का? मी हो म्हटलं. त्याने मक्याच्या एका तुकड्यात कच्चा गाळ पसरला. तीन आठवड्यांनी त्याने मला बांधावर नेऊन उभं केलं. शेजारचा मका गुडघ्यावर आला होता आणि त्याच्या तुकड्यातला पिवळा पडून जागच्या जागी थांबला होता. गाळात कार्बन भरपूर आणि नत्र नावाला. जमिनीतले जिवाणू तो कार्बन खायला लागतात तेव्हा त्यांना नत्र लागतं आणि ते पिकाच्या तोंडचं ओढून घेतात. युरिया देऊन मका थोडा सावरला, पण त्या माणसाने मला काही न बोलता घरून आणलेला चहा दिला, तो मला अजून आठवतो.

म्हणून कच्चा गाळ रानात नाही. आधी कुजवायचा, आणि कुजवायला नत्राचा जोडीदार द्यायचा. नाशिकमध्ये कोंबडखत सहज मिळतं. समजा प्रयोगशाळेच्या अहवालात तुमच्या कोरड्या गाळात कार्बन ३० टक्के आणि नत्र ०.३ टक्के आलं, म्हणजे १०० ला १. कोंबडखतात कार्बन ३० आणि नत्र ३, म्हणजे १० ला १. कोरड्या वजनाने तीन भाग गाळ आणि एक भाग कोंबडखत घेतलं तर कार्बन १२० आणि नत्र ३.९, प्रमाण साधारण ३१ ला १. कुजायला २५ ते ३० लागतं, म्हणजे आपण जवळ आलो. स्वतःचा जैविक गाळ असेल तर त्यातही नत्र असतं, तेवढं कोंबडखत कमी करा. तुमचे आकडे वेगळे येतील, पद्धत हीच.

नुसता गाळ दबून घट्ट होतो, हवा आत जात नाही. त्यासाठी भरड काहीतरी लागतं. छाटणीनंतर द्राक्षबागेत काड्यांचे ढीग पडतात, त्या श्रेडरमधून काढून मिसळा. वायनरीचा चोथाही चालतो, पण तो आंबट असतो, बेताने घ्या.

आता ओल. मिश्रण मुठीत घट्ट दाबा. बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब डोकावला आणि मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल बरोबर, ५०-६० टक्क्यांच्या आसपास. पाणी ओघळलं तर काडी वाढवा. गोळा फुटला तर पाणी मारा. पाच-सहा फूट रुंद आणि साधारण चार फूट उंच असे लांब बेड घाला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोखंडी गज मध्यापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी ओढून हातात धरा. धरवत नसेल तर बेड तापला आहे. पण अंदाजावर थांबू नका, लांब दांड्याचा थर्मामीटर घ्या. ५५ अंशांच्या वर पंधरा दिवस आणि त्या काळात पाच वेळा पलटी, म्हणजे रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. ७० च्या वर गेला तर लगेच पलटी द्या, कारण तेव्हा कामाचे जिवाणूही मरायला लागतात. त्यानंतर दोन-तीन महिने मुरू द्या. तयार खताला पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो आणि त्यात कागदाचा तुकडा ओळखू येत नाही.

वाटण्याआधी तपासणी. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये कंपोस्टच्या मर्यादा दिल्या आहेत. शिसं किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत, क्रोमियम ५०, कॅडमियम ५, कार्बन-नत्र प्रमाण २० च्या आत, क्षारता (विद्युत वाहकता) मीटरला ४ डेसिसायमनच्या आत. खत म्हणून विकायचं तर या आदेशाखालचा परवानाही लागतो. शाई काढणाऱ्या मिलचा, म्हणजे छपाईच्या रद्दीपासून पांढरा कागद करणाऱ्यांचा गाळ खताला घेऊच नये असं माझं मत आहे.

खत अहवालात उतरलं तरी मी ते पहिल्या वर्षी निर्यातीच्या द्राक्षाला देणार नाही. त्या बागायतदाराचा माल प्रयोगशाळेतून तपासून जातो, त्याचं वर्षाचं पोट त्या एका अहवालावर असतं. आधी मिलच्या आवारातली झाडं, रस्त्याकडेची लागवड, रोपवाटिका. दोन हंगाम नोंदी ठेवा, मग कृषी विज्ञान केंद्राच्या लोकांशी बोलून शेतावर चाचणीचा प्लॉट घ्या.

सातवी पायरी: राख

राख विटांना जाते. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रामुळे नाशिककरांना राखेची वीट नवी नाही. मिलच्या बॉयलरच्या राखेत न जळलेला कोळसा जास्त राहिला तर वीटवाला नाक मुरडतो, म्हणजे दोष बॉयलरच्या हवेत आहे, तिकडे बघा. राख ओली करून, झाकून पाठवा.

राख आणि चुन्याचा गाळ शेतात टाकावा असं कुठे कुठे वाचाल. तो सल्ला आम्लधर्मी जमिनीचा आहे. निफाड-दिंडोरीच्या काळ्या जमिनीत आधीच चुनखडी आहे, सामू आठच्या आसपास किंवा वर. तिथे आणखी चुना गेला की द्राक्षाला लोह मिळत नाही आणि कोवळी पानं शिरा सोडून पिवळी पडतात. माती तपासल्याशिवाय चिमूटभरसुद्धा नाही.

आठवी पायरी: कागदपत्रं आणि गाड्या

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, ज्याला मिलमध्ये सगळे कन्सेंट म्हणतात, ते उघडून कचऱ्याचा तक्ता शब्दन् शब्द वाचा. कोणता गाळ किती आणि कुठे पाठवायचा हे तिथे लिहिलेलं असतं. त्यात नसलेला मार्ग वापरायचा तर आधी सातपूरच्या उद्योग भवनातल्या मंडळाच्या कार्यालयात विचारा. लगदा आणि कागद हा उद्योग केंद्रीय मंडळाच्या अतिप्रदूषणकारी १७ उद्योगांच्या यादीत आहे, त्यामुळे तपासणी होणार हे धरूनच चला.

घातक व इतर कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वापरलेली रसायनं, तीव्र आम्ल-अल्कलीचा कचरा आणि क्लोरीनच्या ब्लीचिंगमुळे ज्या गाळात सेंद्रिय हॅलोजन संयुगं आहेत असा गाळ हे कागद उद्योगाच्या नावाने घातक म्हणून नोंदलेले आहेत. गिअरबॉक्सचं काढलेलं तेलही घातकच. असा माल ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही, रोजची नोंद फॉर्म ३ मध्ये, गाडीबरोबर फॉर्म १० आणि वार्षिक विवरण फॉर्म ४ मध्ये ३० जूनपर्यंत. तो तळोजा किंवा रांजणगावसारख्या सामाईक केंद्रातच जातो.

घातक नसलेल्या गाळाचीही प्रत्येक खेप वहीत लिहा. तारीख, गाडीचा नंबर, काट्याची पावती, ओलीचा टक्का आणि ज्याने माल उतरवून घेतला त्याची सही. ही शेवटची सही मी एकदा घेतली नव्हती. एका ठेकेदाराने गाळ पुठ्ठ्याच्या कारखान्याला जातो असं सांगून आठवडाभर गाड्या नेल्या. मग एका सकाळी जवळच्या गावातून फोन आला की ओढ्यात राखाडी लगदा तरंगतोय आणि गुरं पाणी पीत नाहीत. गावातल्या पोरांबरोबर आम्ही दोन दिवस घमेल्याने तो उपसला.

तेव्हापासून नवीन घेणारा आला की पहिल्या महिन्यात दोनदा, न सांगता, मी गाडीच्या मागे मोटरसायकल काढतो. गाडी जिथे थांबते तिथे उतरतो, माल कुठे पडतो ते बघतो, तिथल्या माणसाला मुठीत दाबलेला गाळ दाखवून विचारतो की याचं पुढे काय करता. उत्तर त्याच्या अंगणात दिसलं पाहिजे.